उंबऱ्याचा पत्रा

दोन हात एकाच वेळी त्या मडगार्डवर पडले – एक हेस्टरचा, दुसरा कुणा अनोळखी पुरुषाचा – आणि दोघांपैकी कुणीही आपला हात मागे घेतला नाही.

फेब्रुवारीतला रविवार होता. कव्हेंट्रीबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर सुट्या भागांचा बाजार भरला होता, आणि आभाळ इतकं खाली आलं होतं, की विक्रेत्यांच्या ताडपत्र्यांनीच त्याला कसंबसं तोलून धरलं असावं. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. केसांच्या टोकांवर येऊन बसणारं, ओलसर, हट्टी असं काहीतरी हवेत भरून राहिलं होतं.

"हे मी आधी पाहिलं," हेस्टर म्हणाली.

"पाहिलं असेल. धरलं मी आधी."

"डावं आहे हे. तुम्हाला नेमकं डावंच कशाला हवं?"

"माझ्याही गाडीला डावी बाजू आहे, बाई."

तिला हसू आलं. तिनं ते ओठांआडच परतवलं. त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं. ते एका जुन्या मोज्यात गुंडाळलेलं होतं, पत्र्यावर ओरखडा उमटू नये म्हणून. मडगार्डच्या वळणावरून ते चिकटत, रेंगाळत गेलं… आणि दिव्याच्या खाचेपाशी येताच अलगद गळून पडलं.

"बघा. इथं पत्राच नाही. नुसती पुट्टी. वरून रंगाची साय."

"म्हणजे मी नाक मुरडून निघून जायचं, आणि मग तुम्ही हळूच उचलणार!"

"मी?" तो खरोखर दुखावल्यासारखा दिसला. "घ्या, तुम्हीच घ्या. घरी गेल्यावर मला शिव्या द्याल, एवढंच. आणि नाव माहीत नसलं की शिव्या नीट बसत नाहीत… लॉर्कन. लॉर्कन डेव्हनी."

हेस्टरनं त्याच्या हातातून चुंबक काढून घेतलं आणि ते स्वतः, सावकाश, त्याच खाचेपाशी फिरवलं. चुंबक पुन्हा गळून पडलं, तेव्हाच तिनं मडगार्ड सोडलं.

"हेस्टर टॉली," ती म्हणाली. "शिव्या परत घेतल्या."

चांगलं मडगार्ड पुढच्या रांगेत मिळालं. ते बसमधून नेण्याचा तिचा बेत ऐकून लॉर्कननं आधी तिच्याकडे, मग त्या पत्र्याकडे पाहिलं. मग त्यानं निमूटपणे आपल्या व्हॅनचं मागचं दार उघडलं.

*

मडगार्ड ज्या गाडीसाठी हवं होतं, ती हेस्टरच्या एनिडमावशीची होती. दोनच माणसांची, उघड्या टपाची, एके काळची गर्द हिरवी. तरुणपणी मावशी मोटारींच्या कारखान्यात बैठकांची चामडी आवरणं शिवायची. त्या दिवसांतच तिनं ही गाडी हौसेनं घेतली होती. नंतर कित्येक हिवाळे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तिला खालून कुरतडलं, आणि अखेर ती परसातल्या गॅरेजमध्ये जाऊन पडली. आता घर विकलं गेलं होतं. मेअखेर मावशी समुद्रकाठच्या गावी राहायला जाणार होती.

"गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली तर तुझी," मावशीनं भाचीला सांगून टाकलं होतं. "नाहीतर भंगारवाल्याला निरोप गेलाच म्हणून समज. आपल्या घराण्यात सुरुवात करता सगळ्यांनाच येते, पोरी."

हे वाक्य हेस्टरच्या वर्मी लागलं होतं. अर्धवट सोडलेलं व्हायोलिन, अर्धवट सोडलेली पदवी, अर्धवट राहिलेला एक साखरपुडा… चष्म्यांच्या दुकानात दिवसभर इतरांची नजर तपासणारी ही मुलगी संध्याकाळी आरशात पाहताना स्वतःची नजर चुकवत असे. म्हणून तिनं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्डिंग शिकून घेतलं, आणि मनाशी ठरवलं – ही एक गोष्ट पुरी करायची. स्वतःच्या हातांनी.

लॉर्कन शनिवारी येऊ लागला. जिल्हा कचेरीत तो नकाशे काढत असे. रेघ इकडची तिकडे झालेली त्याला खपत नसे. पहिल्याच दिवशी तो गाडीखाली सरपटला आणि दारांखालच्या लांब पोकळ पट्टीला, गाडीच्या उंबऱ्याला, बोटानं टोचून बाहेर आला. बोटावर तपकिरी भुगा होता.

"उंबरे गेलेत. दोन्ही."

"कापून नवे घालणार आहे मी."

"टप नसलेल्या गाडीचा कणा म्हणजे हा उंबराच, हेस्टर. तो नुसता कापलास तर गाडी मधोमध वाकेल, आणि मग दार जन्मात लागायचं नाही. आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी जोडून घ्यायची. मग करवत."

"तुम्ही किती गाड्यांना पट्ट्या जोडल्यात?"

"एका. ती अजून जोडलेलीच आहे," तो म्हणाला, आणि त्यानं विषय बदलला.

पट्टी तिनं जोडली, कापलं तिनं, नवा पत्रा मापात बसवला तोही तिनंच. लॉर्कन रंगाच्या उलट्या डब्यावर बसून मावशीचा मनुक्यांचा केक खात असे आणि डोळे मिटून वेल्डिंगचा आवाज ऐकत असे.

"आत्ता कसं, कढईत बेकन तडतडावं तसं वाजतंय. चांगलं आहे… आत्ता थुंकतंय. हात लांब गेला तुझा."

"डोळे मिटून शिकवणारा मास्तर पहिल्यांदाच पाहतेय मी."

"उघडले तर मी जोडाकडे पाहणार नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान त्या हिवाळ्यात, त्या थंडगार गॅरेजमध्ये लाल झाले.

तिनं वेल्डिंगचा मुखवटा वर केला नाही. काळ्या काचेआड चेहरा असला की किती सोय होते, हे तिला तेव्हा कळलं. पण त्या दिवसापासून ती त्याला 'तू' म्हणू लागली.

डावा उंबरा पुरा झाला तेव्हा एप्रिल लागला होता. तिचा जोड सुंदर नव्हता. कबुतरांची रांग तारेवर दाटीवाटीनं बसावी तसा तो गाठीगाठींचा होता. पण हातोडीनं ठोकला तर घंटेसारखा वाजत होता. हेस्टर त्याच्यावरून बोट फिरवत बराच वेळ बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून एक गोष्ट इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत पोचली होती.

*

बुधवारी ती दुकानातून परतली तेव्हा गॅरेजमध्ये दिवा होता. लॉर्कन दारात उभा होता. चेहऱ्यावर धूळ, आणि धुळीमागे एक लपवता न येणारा आनंद.

"मावशींकडून किल्ली घेतली," तो म्हणाला. "बघ तर खरं."

तिनं पाहिलं. डावा उंबरा आरशासारखा सपाट होता. कबुतरांची रांग उडून गेली होती. तिच्या जागी एकसारखी, नाजूक, जवळजवळ अदृश्य अशी एक रेघ होती. नकाशावरची नदी जशी.

"माझा जोड कुठाय?"

"घासून टाकला. नव्यानं घातला. तुला आवडेल म्हणून–"

"कच्चा होता?"

त्यानं हातांवरची धूळ झटकली.

"लॉर्कन, कच्चा होता का?"

"…नाही. पक्का होता. ओबडधोबड होता फक्त."

"गाडीखाली कोण बघणार होतं?"

"कुणीच नाही."

"मी बघणार होते," हेस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला कदाचित बरं वाटलं असतं. "किल्ली मावशीकडे दे. आणि जा."

तो गेला. व्हॅनचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरला, तेव्हा तिनं मुखवटा चढवला, पत्रा घासायचा ग्राइंडर उचलला आणि त्या देखण्या रेघेवर टेकवला. ठिणग्यांचा झोत भिंतीवर आदळून विझत राहिला. खरं तर तिला रडायचं होतं. पण रडताना हात हलला असता, आणि कापताना हात हलून चालत नाही.

एनिडमावशी चहाचा मग घेऊन दारात आली.

"चांगला होता गं जोड."

"चांगला होता म्हणूनच, मावशी."

"मे उंबरठ्यावर येऊन ठेपलाय."

"माहितेय."

"आणि तो पोरगा?"

हेस्टरनं ग्राइंडर पुन्हा चालू केला. "बहिरं व्हायचं साधन बरं मिळालंय हिला," असं पुटपुटत मावशीनं चहाचा मग कठड्यावर ठेवला आणि ती आत गेली.

*

लॉर्कनचे शिकंजे हेस्टरकडे राहिले होते. पत्रा धरून ठेवणारे, जड, तेलकट. उपकाराची वस्तू घरात ठेवायची नाही म्हणून ती एका संध्याकाळी ते पिशवीत घालून त्याच्या घरी गेली. दार त्याच्या आईनं उघडलं.

"मागे शेडमध्ये आहे. तुम्ही हेस्टर ना? विचारू नका, मला कसं कळलं ते. या घरात दुसरं नाव निघत नाही आजकाल, आणि तेही उसाश्यावरच निघतं."

शेडमध्ये त्याची गाडी होती. तिच्याच गाडीची जुळी बहीण. पण ती कधी रस्त्यावर आली असेल असं वाटत नव्हतं. दाराच्या चौकटीत आडवी पट्टी अजून होती. भिंतीवर तिची मडगार्डं, तिची दारं, तिचं झाकण टांगलेलं होतं. प्रत्येक पत्रा इतका निर्दोष, की त्यात संध्याकाळचा सगळा उजेड उतरला होता. आणि मधोमध तो सांगाडा, एकटाच.

"किती वर्षं?" हेस्टरनं विचारलं.

"बाबा होते तेव्हापासून." तो मागे वळला नाही. "जोड घालतो. मग दिसतं, कुठंतरी केसभर चुकलंय. घासतो. पुन्हा घालतो… पुरी झाली नाही तोवर वाईट झाली असं कुणी म्हणू शकत नाही ना."

म्हणजे दोघांचा रोग एकच होता. तिनं सोडून देऊन अर्धवट ठेवलं. त्यानं धरून ठेवून. तिचा राग लगेच गेला नाही. राग असा हात झटकल्यासारखा जात नाही. पण त्याच्या पाठीकडे पाहताना तिला प्रथमच कळलं, की बुधवारी त्यानं तिचा जोड हलका लेखला नव्हता. त्याला जे एकच देता येत होतं, ते त्यानं न विचारता तिच्या पदरात टाकलं होतं.

"मी तुझी रेघ कापून काढली," ती म्हणाली.

आता तो वळला. "सगळी?"

"सगळी. उंबऱ्याचा पत्राही बाद झाला त्यात. नवा आणलाय, आणि एकटीला धरवत नाही तो." तिनं पिशवी त्याच्या पायाशी ठेवली, मग थोडी थांबली, आणि पुन्हा उचलून घेतली. "शनिवारी ये. पत्रा धरायचा. दिवा धरायचा. बाकी वेळ हात खिशात."

"आणि काही चुकलं तर?"

"तोंडानं सांगायचं. मी ऐकेन, किंवा नाही ऐकणार."

*

त्यानं शब्द पाळला, आणि ते पाळणं पाहण्यासारखं होतं. कुठं गाठ वर आली की त्याच्या खिशात मुठी वळत. तो ओठ चावून छताकडे पाहू लागे.

"बोल की," मुखवट्याआडून हेस्टर म्हणे.

"काही नाही. छान आहे छत."

"कोळी बघतोयस?"

"कोळ्याचं जाळं फार नेटकं आहे गं…"

ती इतकी हसली, की तिला वेल्डिंगची बंदूक खाली ठेवावी लागली. उजव्या बाजूला तिचा हात लांब गेला, तेव्हा तो म्हणाला, "हेस्टर, इथं आत पकड बसली नाहीये. हे दिसण्याचं नाही, टिकण्याचं आहे." तिनं हातोडी मारून पाहिलं. आवाज बद्द आला. तिनं ती बोटभर जागा स्वतः घासली आणि स्वतः पुन्हा जोडली. त्यानं दिवा धरला.

वार्षिक तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. ती तपासणी मेच्या अखेरच्या आठवड्यात झाली. मावशीचं अर्धं सामान ट्रकमध्ये चढलं होतं. तपासनीस एक गोलमटोल, अबोल गृहस्थ होते. गाडी लिफ्टवर चढली, आणि ते छोटी हातोडी घेऊन तिच्या पोटाखाली शिरले. ठण्. ठण्. हेस्टर प्रत्येक ठोक्यागणिक श्वास सोडत होती आणि पुढच्यासाठी धरत होती. डाव्या उंबऱ्याशी ते थांबले. अंगठ्यानं चाचपलं. पुन्हा, जोरात ठोकलं.

"कुणी केलंय हे?"

लॉर्कनचं तोंड उघडलं; मिटलं. त्याचे हात खिशात होते.

"मी," हेस्टर म्हणाली.

"देखणं नाही." त्यांनी हातोडी पट्ट्यात खोचली. "पण हलायचं नाही हे. न्या गाडी."

*

टप नव्हताच. डाव्या अंगाला करडा प्रायमर, उजव्या अंगाला जुना हिरवा रंग, आणि आत बसलेल्या हेस्टर-लॉर्कनच्या मधून वाहणारा वारा. शहर मागे पडलं, कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा बहर उतू जात होता. पहिल्याच चढावर आभाळानं ठेवणीतल्या चार सरी काढल्या. दोघंही भिजली, आणि कुणीही थांबू या असं म्हणालं नाही.

वर पोचल्यावर मात्र हेस्टरनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद झाल्यावर शांतता एकदम फार मोठी वाटली.

"हेस्टर," तो समोर पाहत म्हणाला, "त्या बुधवारी मला सांगायचं होतं, की तू मला आवडतेस. त्याऐवजी मी ग्राइंडर चालवला."

"फार गोंगाट केलास. मला काहीच ऐकू आलं नाही."

"आता सांगू?"

"आता हातात काही नाही तुझ्या. सांग."

त्यानं सांगितलं. हळू, अडखळत, एक शब्द दोनदा घेऊन. आणि पुन्हा नीट सांगण्यासाठी तो तोंड उघडणार, तोच तिनं त्याच्या ओल्या गालावर हात ठेवला.

"पुरे. जसं आलं तसं छान आहे."

बोलण्यासारखं जे होतं ते जवळून, ओठांनीच, शब्दांवाचून बोलून झालं. मग तो म्हणाला,

"माझ्या गाडीचे उंबरे बाकी आहेत… तू घालशील जोड?"

"माझे गाठीगाठींचे येतात."

"येऊ दे."

"रात्री उठून घासशील."

"नाही घासणार."

"किती दिवस नाही घासणार?"

त्यानं खरोखर विचार केला. तिला त्याचं तेच आवडत असे. "पत्रा पुन्हा गंजेपर्यंत," तो म्हणाला. "बरीच वर्षं जातील."

"जाऊ देत," हेस्टर म्हणाली, आणि तिनं गाडी सुरू केली. "तेव्हाही मीच घालीन."