अठरा बरण्या माती

"माझ्या जमिनीत विष आहे म्हणे," फोनवरचा बाईचा आवाज म्हणाला. "मॅडम, मी तेवीस वर्षं त्या मातीत हात घालतेय. विष असतं तर एव्हाना माझ्या तेराव्याचं जेवून लोक विसरलेही असते."

चाळणीबाईंनी फोन खांद्याशी धरला आणि फाईल पुढे ओढली. ऊर्जा खात्यात प्रकल्पांची पडताळणी त्यांच्याकडे होती. त्यांच्या हातून खडा म्हणून खाली जात नाही, यावरून हे नाव पडलं होतं. ठेवणाऱ्यांनी चिडवायला ठेवलं, बाईंना मात्र ते आवडून गेलं.

"तुम्ही रोपवाटिकेच्या मालकीण?"

"हो. परवा शुक्रवारी माणसं येणार. अकरा हजार रोपं उपटून खड्ड्यात पुरणार आणि फाटकाला कुलूप लावणार. मग मी काय करायचं, ते नोटिशीत लिहिलेलं नाही."

"अहवाल सरकारी प्रयोगशाळेचा आहे, ताई."

"असू दे. माती खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

बाईंनी सहीसाठी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

योजना तशी चांगली होती, आणि बाईंचा तिच्यावर जीव होता. कारखान्यांनी नासवलेल्या जमिनीवर ना पीक येतं ना घर बांधता येतं. मग तिथे सौर पॅनल लावा. सरकार करात सूट देतं, परवानगी लवकर देतं, विजेला चढा दर देतं. अट एवढीच की जमीन किमान दहा एकर हवी आणि सगळीच्या सगळी तपासणीत दूषित ठरायला हवी. बॅटरीच्या बंद कारखान्याचं आवार आठ एकर होतं. त्याला लागून ही दोन एकरांची रोपवाटिका. शेजारची जमीन दूषित निघाली, तर मालकाला न विचारता ती भाड्याने योजनेत जोडून घेता येत होती. आणि ती निघाली. आठ आणि दोन दहा.

इतकं नेमकं जुळलं की बाईंचं डोकं खाजायला लागायचं. एरवी लोक विष लपवतात. इथे ते कुणाला तरी हवं होतं.

प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ मुलगी बाईंना बघूनच सावरून बसली.

"आमच्याकडून काही गडबड नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही आलात म्हणजे म्हटल्यासारखंच आहे."

तिने आकडे दाखवले. आवारात चार खड्डे, रोपवाटिकेत दोन. प्रत्येक खड्ड्यातून तीन नमुने: वरचा, हातभर खालचा आणि कमरेइतक्या खोलीचा. एकूण अठरा काचेच्या बरण्या. आवारातल्या मातीत शिसं वर भरपूर होतं, खाली कमी, तळाला नावापुरतं. रोपवाटिकेच्या सहाही बरण्यांत मात्र आकडा जवळपास एकच. वर तेवढाच, तळालाही तेवढाच.

"असं होतं कधी?"

"शिसं वरून पडतं आणि वरच राहतं. खाली जायला वर्षानुवर्षं लागतात." तिने आकड्यांचा कागद बाजूला सारला. "पण मी आली ती माती तपासते, मॅडम. कुठून आली ते मी कसं सांगू?"

बरण्या आल्या त्या दिवशीचा फोटो फाईलला होता. आवारातल्या बाराच्या बारा बरण्या झाकणापर्यंत भरलेल्या. शेवटच्या, रोपवाटिकेच्या सहांत माती जराशी खाली.

"ह्या कमी का?"

"प्रवासात बसते माती."

बाईंनी फोटोची प्रत मागून घेतली. एकाच खोक्यातून आलेल्या अठरा बरण्यांपैकी सहाच का बसल्या, हा प्रश्न त्यांनी तूर्त मनातच ठेवला.

रोपवाटिकेत ताई पाटावर बसून काळ्या पिशव्या भरत होत्या. पंपाला सील होतं. नोटीस फाटकावर चिकटवलेली, आणि तिच्याकडे पाठ करून ताईंचं काम चालू. मुठीने माती घालायची, पिशवी दोनदा आपटायची, वर दोन बोटं जागा ठेवायची, बाजूला सारायची. बाई बघत राहिल्या.

"परवा सगळं पुरणार, तरी भरताय?"

"परवा परवाचं बघू. रिकामं बसलं की रडू येतं."

"पिशवी अर्धवट का सोडता?"

"अर्धवट कुठे? पाण्याला जागा नको? काठोकाठ भरली की पाणी वरच्यावर वाहून जातं. बाबा छडी घेऊन बसायचे शेजारी."

"नमुने घेतले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"दवाखान्यात. गुडघ्याचं इंजेक्शन होतं. परत आले तर खड्डे बुजवलेले."

जमीन हिची, आणि नेमक्या त्याच दिवशी ही दवाखान्यात. बाईंनी तेही टिपून ठेवलं. संशयाच्या बाबतीत त्या आपपरभाव करत नसत.

तेवढ्यात धाकटा आला, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन. ताईंचा पाठचा भाऊ. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी सगळ्यांचा धाकटाच. कारखाना बंद पडल्यावर आवारातल्या स्टोअरची राखण त्याच्याकडे होती.

"पंपाला सील लागल्यापासून रोज आणतोय बिचारा," ताई म्हणाल्या. "हा नसता तर रोपांनी शुक्रवारची वाटसुद्धा पाहिली नसती."

धाकट्याने कॅन ठेवले, बाईंना नमस्कार केला आणि आला तसा निघून गेला.

नमुनेवाला भेटला तो आपल्या गाडीपाशी. मातीत भोक पाडायचा लांब दांडा पुसत होता.

"बरणी कशी भरता?"

"काठोकाठ. आत हवा राहता कामा नये, नियम आहे."

"अठराही?"

"मॅडम, एकोणीस वर्षं हेच करतोय. झोपेत भरली तरी काठोकाठ भरेन."

"आणि खोक्याला सील?"

"लगेच लावलं."

"लगेच म्हणजे किती वाजता?"

नमुनेवाला दांडा पुन्हा पुसायला लागला. तो आधीच लख्ख होता.

"खरं सांगा. अहवालात काय लिहिलंय ते मी वाचलंय. मला जे लिहिलं नाही ते हवंय."

"जेवून आल्यावर," तो हळूच म्हणाला. "बरण्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये ठेवल्या होत्या. कुलपात. पाऊण तास. लिहिलं असतं तर सगळे नमुने रद्द झाले असते आणि माझी नोकरी गेली असती."

"म्हणून त्या ताईंची जमीन गेली तरी चालेल?"

तो दांडा गाडीत ठेवायला वळला.

कारखान्याच्या मॅनेजरकडे मात्र उत्तरंच उत्तरं होती. त्याच्या खोलीत पॅनलच्या रांगांचं मोठं चित्र लावलेलं होतं, आणि त्या चित्रात रोपवाटिकेच्या जागी आधीच निळे चौकोन काढलेले होते.

"हे चित्र अहवालाच्या आधीचं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"आशेवर जग चालतं, मॅडम."

"स्टोअरच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक धाकट्याकडे."

"त्या पाऊण तासात तुम्ही काय करत होता?"

"मुख्य कार्यालयाशी फोनवर होतो. नोंद बघा हवी तर."

"दहा एकर भरले नसते तर?"

"प्रकल्प दुसरीकडे गेला असता. इथे कुलूप, आम्ही सगळे घरी."

"म्हणजे तुम्हाला विष हवंच होतं."

"मला अहवाल हवा होता. त्यात काय निघालं, त्याला मी काय करणार?"

हा माणूस बाईंना पहिल्या मिनिटापासून आवडला नव्हता. पण न आवडणं म्हणजे पुरावा नव्हे, नाहीतर त्यांचं निम्मं खातं तुरुंगात गेलं असतं. फोनची नोंद त्यांनी मागवली, जाता जाता दवाखान्यातही डोकावल्या, आणि उद्या सकाळी सगळ्यांना मॅनेजरच्या खोलीत यायला सांगितलं.

गुरुवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मातीची बादली आणि तीन रिकाम्या बरण्या. नमुनेवाला होता, मॅनेजर होता, धाकटा होता. ताई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघा लांब करून.

"नमुने नव्याने घ्यायचेत," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेला तुलनेसाठी साधी माती हवीय. हातासरशी एकेक बरणी भरून द्या."

नमुनेवाल्याने काठोकाठ भरली, कडा पुसली, झाकण लावलं. मॅनेजरने भरली त्याहून जास्त सांडली आणि बाही झटकत बसला.

"काय हो," बाईंनी धाकट्याला विचारलं, "पाण्याचे कॅन कुठून आणता?"

"आवारातल्या टाकीतून."

"बरंच लांब पडत असेल."

"पडतं. पण रोपांना सकाळीच पाणी लागतं, ऊन चढायच्या आत."

बोलता बोलता त्याने मूठमूठ माती बरणीत घातली. बरणी टेबलावर दोनदा आपटली आणि बाजूला सारली. वर दोन बोटं जागा होती.

दाराशी ताईंनी पदर तोंडाला लावला. बाईंनी अजून काहीच उलगडून सांगितलं नव्हतं, तरी ताईंना कळलं होतं.

बाईंनी फोटो बरण्यांशेजारी ठेवला.

"रोपवाटिकेच्या सहा बरण्यांत शिसं वर-खाली सारखंच होतं. जमिनीत असं होत नाही. एकाच ढिगातली माती सहा बरण्यांत भरली की असं होतं. म्हणजे खरी माती कुणीतरी ओतून टाकली आणि आवारातली भरली. बरण्या त्याच, चिठ्ठ्या त्याच. हे करायला वेळ मिळाला तो जेवणाच्या पाऊण तासात, कुलपाच्या आत.

"नमुनेवाल्यांवर माझा संशय होता, कारण ते खोटं बोलले. पण त्यांचा हात काठोकाठच भरतो, आणि ह्या सहा बरण्या काठोकाठ नाहीत. मॅनेजरसाहेबांकडे किल्ली होती, पण त्यांचा फोन पाऊण तास खरंच चालू होता, या खोलीतूनच. आणि त्यांना बरणी भरता येत नाही, ते दिसतंच आहे. फोटोतल्या सहाही बरण्यांत जागा सोडलीय, आणि सहांत एकसारखी. कमी भरणारा माणूस इतकी सारखी कमी भरत नाही. ही पाण्याला ठेवलेली जागा आहे. असं भरणारे हात इथे दोनच माणसांचे. त्यातल्या ताई दवाखान्यात होत्या, नोंद मी पाहिली, आणि किल्ली त्यांच्याकडे कधीच नव्हती."

"योगायोग आहे," धाकटा म्हणाला. "बरणीवरून माणसाला चोर ठरवता?"

"धाकट्या," ताई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या, आणि तो मटकन खाली बसला.

"बाबांनी जमीन तुला दिली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी पण त्याच छडीखाली वाढलो ना? मला काय, तर कारखान्यातली नोकरी. तीही चालली होती. प्रकल्प आला तर साइटचा इन्चार्ज करतो, असं साहेब म्हणाले. दोनच एकर कमी पडतायत, असंही म्हणाले. तुला बसल्याजागी भाडं मिळालं असतं, ताई. गुडघ्याने तुला उठवत नाही. मी वाईट केलं असं मला तेव्हा वाटलं नाही."

"मी ते सहज बोललो होतो," मॅनेजर घाईघाईने म्हणाला.

"काय सहज आणि काय मुद्दाम, ते तुम्हाला सविस्तर विचारलं जाईल," बाई म्हणाल्या. "आणि पाणी का आणत होता हो तुम्ही? विषारी ठरलेल्या रोपांना?"

"सुकताना बघवेनात," धाकटा म्हणाला, आणि रडायला लागला.

ताई उठल्या. भिंतीचा आधार घेत त्याच्यापर्यंत आल्या. त्या मारतील असं बाईंना वाटलं, पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"एकदा मागायचीस. निम्मी लिहून दिली असती तुला. सगळ्यांसमोर सांगते, हसत दिली असती."

नोटीस बाईंनी तिथेच स्थगित केली. माती पुन्हा तपासली जाईल आणि तोवर एकाही रोपाला कुणी हात लावणार नाही, असं लिहून सही केली. आवारातली आठ एकर मात्र खरोखरच नासलेली होती. तिथे पॅनल लागायलाच हवेत, त्यासाठी अट शिथिल करा, असा शेराही त्यांनी फाईलवर मारला. मग तक्रारीचा छापील अर्ज ताईंपुढे ठेवला.

"जमीन तुमची, म्हणून तक्रार तुमच्या सहीने जाईल. विचार करायला वेळ हवा तर घ्या."

ताईंनी चष्मा लावला आणि बसून एकेक रकाना भरला. घाई नाही, खाडाखोड नाही. एका ओळीपाशी पेन थांबलं. आरोपी ओळखीचा असल्यास तक्रारदाराशी नातं.

"नुसतं भाऊ लिहिलंत तरी चालेल," बाई म्हणाल्या.

"नको. सख्खा लिहिते," ताई म्हणाल्या. "वाचणाऱ्याला चुलत-मावस वाटायला नको."