अजून एक फेरी

माझ्या वहीत जगातल्या उडणाऱ्या हरिकेन विमानांची यादी आहे. दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी बनलेलं हे लढाऊ विमान. आज आकाशात जाऊ शकतील अशी जेमतेम डझन-दीड डझन उरलीत, तीही सातासमुद्रापार. कुठलं कधी उडालं, कुणाचं इंजिन बदललं, सगळं मी लिहून ठेवतो. बायको म्हणायची, एवढं लक्ष सोयरिकी जुळवण्यात घातलं असतंत तर तळेगावात बिनलग्नाचं कुणी उरलं नसतं.

छत्तीस वर्षं मी विमानांची इंजिनं दुरुस्त केली. नुसतं ऐकून सांगायचो, कुठला सिलिंडर रुसलाय. त्या आवाजांनीच कान खाल्ले. डावा गेला होता, आणि उजवा दिवाळीपर्यंत टिकला तरी खूप, असं अनिताने सांगितलं होतं. अनिता म्हणजे स्टेशनाजवळच्या दवाखान्यातली कान तपासणारी मुलगी. हृदयाच्या दुखण्यामुळे परदेश प्रवास बंद. हरिकेनचं इंजिन मी फक्त रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं होतं. कान जाण्याआधी एकदा ते खरं ऐकायचं होतं, छातीत थरथर उठेल असं. दुसरं काही मागणं नव्हतं.

म्हणून रेकॉर्डिंग दिवसभर चालू असायचं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वरच्या खोलीतला भाडेकरू किरण खाली आला. आंदर मावळातल्या एका वाडीचा हा पोरगा कंपनीत कामाला होता.

"काका, हा आवाज कुटनं आणला?"

"का? त्रास होतो?"

"न्हाई. आमच्या आजीचं इमान आसंच वाजतं. दर साली येतं, पठारावर राब पेटवला की."

मी हसलो. मावळावरून दिवसाला पन्नास विमानं जातात. पण जाता जाता तो म्हणाला, "फकस्त त्याचा मधीमधी एक ठोका चुकतो." मग मात्र माझं हसू थांबलं; असं न ऐकता कुणी सांगत नाही.

रविवारी पहाटेच त्याच्याबरोबर गेलो. एसटी सोडल्यावर दीड तास चढण होती; छाती सांभाळत, बसत उठत चढलो. भाताचं रोप टाकण्याआधी शेण, पाला, फांद्या जमिनीवर रचून जाळतात, तो राब. पण तो खालच्या शिवारात. हे पठार म्हणजे नुसता कातळ, वर बोटभर माती आणि वाळलेलं गवत. इथे कुणी काही पेरत नाही. तरी मधोमध पुरुषभर उंचीचा राब रचलेला होता. आग रानात पसरू नये म्हणून बाजूला पाण्याच्या दोन कळश्या ठेवल्या होत्या. पुतळाबाई, किरणची आजी, राबाजवळ बसली होती. नव्वदीला टेकलेली.

"मी सात वर्साची आसंन," ती म्हणाली. "माझा बा, नवशा, खालच्या पट्टीत राब भाजत व्हता. इमान आलं, झाडाला टेकंल आसं. घिरट्या घालाय लागलं. बाला वाटलं, धुरानं त्याला दिसंना. म्हनून त्यानं पानी वतून राब इझवला."

तिने राबात एक फांदी खोचली.

"इमानवाला धुराकडंच बघत व्हता, हे कुनाला ठावं? वारं कुटलं, ते धुरावरनं कळतं म्हनं त्यास्नी. मागनं गोरा सायेब शोधत आला, त्यानं सांगितलं. इमान काय गावलं न्हाई."

बापाने मरेपर्यंत दरवर्षी या पठारावर राब पेटवला. त्याच्यामागे हिने.

"तीन फेऱ्या मारतं, उतराय येतं, तवर राब इझतो. औंदा लय रचलाय. औंदा उतरंल. मग मी सुटले."

मी नम्रपणे मान हलवली. म्हातारपणी माणूस काय धरून बसेल सांगता येत नाही, असं मनात म्हटलं. सकाळी नऊच्या सुमाराला किरणने राब पेटवला. धूर पूर्वेकडे कलला.

आवाज आधी पायांना कळला. मग छातीला.

बारा सिलिंडर. त्यातला एक मधूनच गप्प. पेट्रोल संपत आलं की इंजिन तसंच खोकतं. माझे डोळे भरून आले.

आकाश रिकामं होतं. एक घारसुद्धा नव्हती.

मी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. आवाज तसाच राहिला.

पहिली फेरी. दुसरी. पुतळाबाईचा चेहरा आवाजाबरोबर फिरत होता. तिसऱ्या फेरीला पूर्वेकडून पठारावरचं गवत एका सरळ पट्ट्यात आडवं होऊ लागलं, आणि इंजिनाचा सूर उतरला. सूर उतरला म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. विमान उतरायला आलं होतं. चाकं टेकणार, इंजिन बंद होणार, आणि मला ते पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हतं.

अजून एक फेरी. एवढंच हवं होतं मला.

मी दोन्ही कळश्या निम्म्यावर आलेल्या राबावर ओतल्या. उरलेला पायाने विस्कटला.

धूर तुटला. डोक्यावरून इंजिन किंचाळत पुन्हा वर गेलं आणि घाटाकडे निघालं. ठोके चुकत होते. मी वाट पाहत राहिलो. ते फिरलं नाही. मी यंत्र पुन्हा कानात बसवलं.

"काय केलंत वो सायेब?" पुतळाबाई एवढंच म्हणाली.

आषाढात ती गेली. किरणने भांडण केलं नाही, नुसती खोली सोडली. यंदा त्याने राब पेटवला तेव्हा काहीच आलं नाही, असा त्याचा मेसेज आला.

कसं येणार? ते माझ्याकडे आहे. उजवा कान गेला त्या दिवसापासून ते माझ्याभोवती फिरतंय, जेवताना, अंघोळीला, झोपेत. मला स्वतःची लाज वाटते. आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला आनंदही झाला होता.

परवा अनिताकडे गेलो. तिने कागदावर लिहिलं, "दोन्ही कान पूर्ण गेलेत. मेंदू जुने आवाज वाजवतो, घाबरू नका." मी हट्ट धरला. कानाच्या आतून येणारा आवाज टिपणारी एक बारीक नळी असते. माझ्या समाधानासाठी तिने ती उजव्या कानात बसवली, स्वतः हेडफोन चढवला आणि माझ्याकडे बघून हसली.

मग तिचं हसू गेलं. तिची नजर छताला लागली, आणि तिची फिरती खुर्ची हळूहळू वळू लागली.