ओहोटीचं दार

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आठवा महिना सरत आला होता, तरी रुपाली सकाळीच रिक्षा करून मंडईत जाऊन आली. घटाला लागणाऱ्या पाच झाडांच्या डहाळ्या दुसऱ्या कुणी निवडलेल्या तिला चालत नसत. किडकं पान देवीपुढे ठेवायचं तरी कसं? फुलवाली तिच्या पोटाकडे बघून म्हणाली, "वहिनी, पुढच्या गुरुवारी तुम्ही नका येऊ. मी पाठवते कुणाबरोबर तरी." रुपाली नुसती हसली. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली होती. डॉक्टर झाले, औषधं झाली, पण ओटी भरली ती या गुरुवारांनी, अशी तिची मनोमन खात्री होती.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोनच घरं होती. एक यांचं आणि दुसरं इंदुबाईंचं. इंदुबाई निवृत्त नर्स होत्या. अर्ध्या पेठेची बाळंतपणं आपल्या हातून झाली असं त्या सांगत, आणि उरलेल्या अर्ध्या पेठेला नावं ठेवत.

रुपाली वर आली तर दारात बर्फाची पेटी. नवरा अभिनव आणि त्याचा मित्र एजाज गोव्याहून परतले होते.

"ती पेटी उंबऱ्याच्या बाहेर ठेवा आधी," ती म्हणाली.

"वहिनी, निदान कसे आहात ते तरी विचारा!" एजाज हसला. "सगळे मासे मीच नेतोय. महिनाभर तुमच्याकडे वरणभात, आमच्याकडे मेजवानी. तुमचे उपास आम्हाला फार मानवतात."

या दोघांना गळ टाकायचं वेड होतं. हिंजवडीत दिवसभर पडद्यापुढे बसलेला अभिनव मधूनच मोबाइलवर गोव्याची भरती-ओहोटी बघायचा. पावसाळा सरला की मांडवीच्या मुखाशी, अमावास्येच्या आगेमागे शापोऱ्याच्या खडकांवर, थंडी पडली की आतल्या खाड्यांत. कुठे आणि केव्हा, एवढंच खरं, बाकी सगळं नशीब, असं तो म्हणायचा. बाळ यायच्या आधीची ही शेवटची खेप म्हणून रुपालीने त्याला अडवलं नव्हतं.

"एक मासा मात्र तुमच्याकडेच राहतोय," एजाज हळूच म्हणाला. "तो मी नेणार नाही."

अभिनवने ओलं पोतं उघडलं. आत तांबूस खवल्यांचा हातभर मासा होता. बाकीचे केव्हाच ताठ झाले होते. हा रात्रभराच्या प्रवासानंतरही तोंड उघडमीट करत होता.

"अगंबाई, जिवंत आहे हो!" रुपाली कळवळली. "आज गुरुवार. आज या घरात कुणाचा जीव जायला नको. बादलीत सोडा त्याला."

मासा न्हाणीघरातल्या बादलीत गेला. चहा पिताना अभिनव रंगात आला. खाडी आणि भातशेतं यांच्यामध्ये मातीचा बांध असतो, आणि बांधात एक लाकडी दार. तिकडे त्याला मानस म्हणतात. ना कडी, ना कुलूप. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून उघडतं. तेव्हा तोंडाशी जाळं लावायचं. आत अडकलेलं सगळं आपल्या पायांनी चालत बाहेर येतं.

"माशांना पाय असतात होय?" रुपाली म्हणाली.

"आणि पहिला मासा सोडायचा असतो," एजाज मध्येच बोलला. त्याचा आवाज उतरला होता. "तो बांधाच्या राखणदाराचा. तिथल्या म्हाताऱ्याने दोनदा सांगितलं, वहिनी. हा ऐकेल तर ना!"

"अरे, एवढा मोठा मासा जन्मात लागला नव्हता," अभिनव म्हणाला. "मी म्हाताऱ्याला सरळ सांगितलं, बाबा, आमच्याही घरी पहिलंच येणार आहे. बायकोला दाखवायला नेतो. तो हसला बिचारा. घर कुठे म्हणाला. मी म्हटलं, पुणं. तर म्हणतो, 'बरें. मागीर.'"

"मागीर म्हणजे काय हो?"

"मग. नंतर."

एजाज अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

दुपारी पूजा आटोपली, नैवेद्य झाला. रुपाली जरा आडवी झाली आणि तिला वास आला. उन्हात तापलेल्या चिखलाचा, खारट, कुजक्या पाल्याचा. न्हाणीघर तिने दोनदा फिनेलने धुऊन काढलं. वास तिथला नव्हताच. तो जिन्याकडून येत होता. पाणी पीत ती घटापाशी आली आणि थबकली. तांब्या तिने पाऊण भरला होता. आता पाणी काठोकाठ आलं होतं आणि नारळ वर उचलला जाऊन किंचित डुलत होता. खालचे तांदूळ भिजले होते.

तेवढ्यात कमरेतून पहिली कळ निघाली.

"अहो... मला बरं वाटत नाहीये."

अभिनवने घाईघाईत दवाखान्याची पिशवी उचलली. आतलं दार उघडंच होतं, गुरुवारी ते ती लोटत नसे. बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी त्याने काढली आणि ढकललं. दार हललं नाही. त्याने खांदा लावला, लाथ मारली. एखाद्या धिप्पाड माणसाने पलीकडून पाठ टेकून बसावं, तसं ते जड झालं होतं. जाळीतून समोरचं सगळं दिसत होतं. इंदुबाईंचं दार, त्यांची तुळस, लिफ्टचा लाल दिवा. माणूस कुणी नव्हता. फरशी तेवढी ओली होती.

रुपालीने समोर फोन लावला. इंदुबाई हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी दोन बोटांनी दार ओढलं आणि ते अलगद उघडलं.

"उघडंच आहे की! हिंजवडीच्या इंजिनिअरला दार उघडता येईना, वा!" त्या आत आल्या. त्यांच्या पाठीमागे दार हळूच मिटलं.

अभिनव झेपावला, पण ते पुन्हा दगडासारखं. आता इंदुबाईंनीही जोर लावून पाहिला. मग त्या रुपालीकडे वळल्या. त्यांनी रुपालीला तपासलं. "पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. घाबरू नकोस. अँब्युलन्स बोलाव रे, आणि चावीवाल्यालाही."

फोन करून झाल्यावर अभिनव मोबाइलकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"तिकडे भरती आहे," तो पुटपुटला. "आत्ता. दिवेलागणीला ओहोटी लागेल."

"पुण्यात नळाला पाणी नाही, आणि म्हणे भरती!" इंदुबाई म्हणाल्या. पण त्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले होते.

अँब्युलन्स लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत अडकली होती. चावीवाला येतो येतो म्हणत होता. घरात दिवा लावायची वेळ झाली. रुपालीने कळा सोसत, भिंतीला धरून समई लावली. आई, मी काही मागत नाही, एवढं तडीस ने, असं म्हणून तिने हात जोडले. आणि तिच्या देखत तांब्यातलं पाणी उतरू लागलं. नारळ खाली बसला. मागे दाराने एक लांब, ओला आवाज केला आणि ते आपणहून सताड उघडलं.

"चल, चल, ऊठ!" अभिनवने तिला काखेत धरलं.

"थांबा." रुपालीचं अंग गार पडलं होतं, पण डोकं लख्ख झालं होतं. "आधी त्याचं त्याला देऊ या. बादली आणा."

अभिनवने बादली आणली. माशाला तिने हळदकुंकू वाहिलं, कपाळ टेकलं. मग बसूनच बादली उंबऱ्याबाहेर सरकवली. बादली आपोआप पुढे सरकत गेली. लिफ्टच्या पलीकडे, जिन्याच्या वळणावर अंधार होता, तिथे ती दिसेनाशी झाली.

पाणी हिंदकळलं. कुणीतरी हात घालून चाचपावं तसं.

मग बादली परत आली. फरशीवर घासत, सावकाश, थेट उंबऱ्यापर्यंत. मासा आतच होता. आणि वळणावरून एक म्हातारा, थकलेला, अगदी प्रेमळ आवाज आला.

"हो न्हय, बाय..."

हा नव्हे.

रुपालीला सगळं कळलं. नवऱ्याने एका पहिल्याच्या बदल्यात दुसरं पहिलं देऊ केलं होतं, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. त्याच क्षणी तिची पाणमोट फुटली. कोमट पाणी तिच्या पायांवरून उंबऱ्याकडे वाहत निघालं, बाहेर, उताराने. जिन्यात कुणीतरी उठून उभं राहिल्याची चाहूल लागली.

"रुपा, अँब्युलन्स खाली आलीय! उचलतो मी तुला..."

"नाही." तिने चौकट दोन्ही हातांनी धरली. "आत्ता मी बाहेर गेले तर... माझं बाळ आतच येऊ दे, अहो. घरात. इंदुबाई, दार लावा ना आतलं... पाया पडते तुमच्या."

इंदुबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा जिन्याकडे पाहिलं. मग आतलं लाकडी दार लावून पदर खोचला. "पाणी तापव रे. आणि स्वच्छ चादरी काढ. बघतोस काय?"

मुलगी झाली. देवीसमोरच्या खोलीत, समईच्या उजेडात, चांगली खणखणीत रडली. अँब्युलन्सबरोबरची डॉक्टरीण तोवर वर येऊन दार वाजवत होती. तिला आत यायला काहीच अडचण आली नाही. बाळबाळंतीण सुखरूप आहेत म्हणाली, आणि तशीच परत गेली. जातानाही तिला कुणी अडवलं नाही. बादलीतला मासा सकाळी नव्हता. सोयर असल्यामुळे घट इंदुबाईंनीच हलवला.

गुरुवारी घरात लक्ष्मी आली, म्हणून रुपालीने मुलीचं नाव लक्ष्मीच ठेवलं. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. सव्वा महिना उलटला. अभिनव रोज कामाला जातो, येतो. रुपालीही भाजीला खाली उतरते. दार त्यांना हलकं असतं. पण लक्ष्मीला कडेवर घेतलं की, भरती असेल तर ते हलत नाही. आणि ओहोटी असेल तर हात लावायच्या आधीच उघडतं, वर चिखलाचा वास येतो. लस टोचायला नर्स घरी येते. अभिनव तीनदा त्या गावी जाऊन आला. बांध आहे, मानस आहे. असा कुणी म्हातारा मात्र आम्ही पाहिला नाही, असं गावातले म्हणतात.

रुपालीने आस सोडलेली नाही. पुढचा मार्गशीर्ष येईल, ती पुन्हा घट मांडेल, आणि देवीच काहीतरी वाट काढेल. लक्ष्मी गुटगुटीत आहे, हसरी आहे, आता पालथी पडून पुढे सरकते. दाराकडेच सरकते.

परवा दुपारी इंदुबाई वाटीतून खीर घेऊन आल्या. बाळाच्या मुठीत बोट देत म्हणाल्या, "अगं, तुमच्या नात्यातले कोण ते आजोबा? जिन्यात बसलेले असतात. फार गोड माणूस. पोरीसाठी काहीतरी जाळीजाळीचं विणत असतात, दोऱ्याचं. मी विचारलं, कुंची का हो? नुसते हसले."

रुपालीने लक्ष्मीला उचलून छातीशी घट्ट धरलं.

"मी म्हटलं, अहो, महिनोन् महिने विणताय, पुरं नाही झालं?" इंदुबाई म्हणाल्या. "तर म्हणाले, कसं होणार? पोर वाढतेय ना. रोज थोडं मोठं करावं लागतं."