स्वल्पविराम

इंग्रजी अमदानीतली ती कादंबरी नव्याने छापायची होती आणि प्रुफं तपासायचं काम भाचीकडे आलं. मदतीला मावशी, पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेली. छापखान्याच्या शाईच्या वासाने भरलेल्या खोलीत मावशी जुनी प्रत मोठ्याने वाचायची, भाची नव्या पानावर नजर ठेवायची. रीत अशी, की विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. "धाकटीने दिवा लावला, स्वल्पविराम, डोळे चोळले, पूर्णविराम," असं मावशी ठसक्यात म्हणायची आणि दोघींची हसून पुरेवाट व्हायची.

लेखकाने प्रस्तावनेतच ठणकावलं होतं, की यात अद्भुत काही नाही. पाहिलं, ऐकलं तेवढंच लिहिलं आहे. कादंबरीतल्या धाकट्या सुनेच्या पदराला पडलेलं जळकं भोकही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. भाचीचा तिच्यावर जीवच जडला. शेवटी ती तापाने जाते, हे मावशीने आधीच सांगून टाकलं होतं.

"वास्तव म्हणे," मावशी फणकारली. "तेव्हाच्या पुस्तकांत शिकलेली बाई जगायचीच नाही."

धाकटी वाचायला शिकते ती चोरून, भिंतीपलीकडच्या एका बाईचं वाचन ऐकून. "ती बाई विचित्र होती," मावशी वाचत होती, "मध्येच घोटभर पाणी पिई, आणि प्रत्येक वाक्य संपले की 'पूर्णविराम' असे म्हणे."

मावशीने हातातला पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

मग तिला हसू फुटलं. त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून, अक्षर न् अक्षर सुटं करत वाचू लागली. पलीकडे कागदाचं गोदाम होतं, कुलूप लावलेलं. भाचीने मावशीची भरपूर थट्टा केली, पण खुर्ची भिंतीजवळ तिनेच सरकवून दिली.

शेवटचं पान आलं. "धाकटीने डोळे मिटले," एवढं वाचून मावशी थांबली. जुन्या प्रतीत तिथे ठसठशीत पूर्णविराम होता.

"स्वल्पविराम," मावशी म्हणाली.

अख्ख्या पुस्तकात ती एकदाही चुकली नव्हती. भाचीने प्रुफातला पूर्णविराम खोडून स्वल्पविराम केला.

मावशीने पान उलटलं. मागची बाजू आजवर कोरी होती. आता तिथे, छपाईच्या त्याच जुन्या खिळ्यांच्या ठशांत, एक ओळ होती.

"आणि घाम येऊन ताप उतरला," मावशीने वाचलं. तिचा आवाज आनंदाने कापत होता.

भाचीने तिला मिठीच मारली. दोघी रडता रडता हसत सुटल्या. ओळीचा शेवट उच्चारायचा राहूनच गेला.

भिंतीपलीकडून, नुकतंच दुखण्यातून उठल्यासारख्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "पूर्णविराम."