चौथा घरचा

त्या दिवशी सकाळी दहाला बायकोची हाक आली नाही, तेव्हा त्याला वाटलं, घरच्या रेडिओचा फ्यूज उडाला असेल. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं त्याचं दुकान. टेबलाखाली दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओचा संच आणि रोज दहाला तिचा आवाज : "ऐकताय ना? डबा ओट्यावरच राहिलाय." साडेदहाला मेहुणी दारात उभी राहिली. ती दवाखान्यात नर्स. गणवेशातच धावत आली होती. तिनं तोंड उघडायच्या आधीच त्यानं हातातली तार खाली ठेवली.

ती गेली त्याला आठ महिने झाले.

नवराबायकोचा एक बेत अर्धवट राहिला होता. किनाऱ्यासमोर पाच बेटं होती. प्रत्येक बेटाच्या सर्वांत उंच माथ्यावर संच पाठीवरून न्यायचा आणि तिथून रेडिओवर बोलायचं. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा नियम सोपा होता : माथ्यावरून चार वेगवेगळ्या माणसांशी बोलणं झालं, तर तो डोंगर जमा. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून तो चढायचा आणि ती घरून बोलायची. तीन परके झाले की तो हवेत सांगायचा, "आता जरा वाट मोकळी ठेवा हं, चौथा घरचा!" अशी चार बेटं झाली होती. सर्वांत लांबचं पाचवं तेवढं उरलं होतं.

"भावोजी, मी येणार," मेहुणीनं बजावलं. "एकटे जाऊन पाय मोडून घ्याल, आणि मग माझ्याच दवाखान्यात येऊन पडाल. त्यापेक्षा आधीच बरोबर आलेली बरी."

होडीवाल्याला सगळे मौनी म्हणत, कारण त्याचं तोंड झोपेतही बंद नसे. वाटेत दोन बेटांवर मुक्काम करत तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाचव्या बेटापाशी पोचले. किनारा कसला, नुसते दगड! मौनीनं लाटेचा अंदाज घेतला, "आता!" म्हणून ओरडला आणि तिघांनी उड्या मारल्या. मागून आलेल्या लाटेनं होडी आडवी केली. कडाड्! अँटेना उभी करायची घडीची काठी होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडून मोडली.

तो तुकडे हातात घेऊन बघत राहिला. मौनीनं होडी ढकलायचा लांब बांबू त्याच्यापुढे केला.

"हा न्या. पण परत आणा बरं का! माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे माझ्याकडे. आणि बायकोपेक्षा जास्त ऐकतो माझं."

आठ महिन्यांत तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

मौनी होडीपाशी थांबला आणि हे दोघं चढायला लागले. वाट अशी नव्हतीच. सुटे दगड पायाखालून घरंगळत होते, बांबू झुडपांत अडकत होता, आणि बॅटरी मेहुणीच्या पाठीवर.

"ही बॅटरी आहे की जातं? ताईनं कधी उचलली होती का?"

"तिनं उचलली असती तर हलकी घेतली असती."

माथ्यावर पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चहूकडे समुद्र पसरलेला, त्यावर मागची चारही बेटं ओळीनं मांडल्यासारखी, आणि पश्चिमेला मात्र एक काळा ढग बसकण मारून बसलेला. त्यानं तो पाहिला. मेहुणीनंही पाहिला. बांबू दगडांत रोवला, वरून तार खाली ताणली, संच चालू केला.

पहिला लागला दीपगृहाचा रखवालदार. दुसरी एक दातांची डॉक्टर. तिसरा जहाजावरचा आचारी. त्याला जेवणात काय आहे तेच सांगायची घाई! वहीत तीन नावं झाली. ढग निम्म्या आकाशावर आला होता.

"भावोजी, आटपा!"

तेवढ्यात चौथा आवाज आला. एक म्हातारा शिंपी, स्वच्छ ऐकू येत होता. नुसतं त्याचं उत्तर घ्यायचं होतं. पण याच्या तोंडाला सवय होती. बटण दाबून तो म्हणाला, "आता जरा वाट मोकळी ठेवा हं, चौथा घरचा!"

आणि कानाला हेडफोन लावून तो वाट बघत बसला.

हवेत चिटपाखरू नव्हतं. पाच सेकंद. दहा सेकंद. काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं. मेहुणीला तर आधीच कळलं होतं. ती दुसरीकडे बघत होती.

मग तार बोलली. चर्र... चर्र... त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. मेहुणीच्या डोक्यावरची बटही ताठ झाली!

"भावोजी!"

"एकच मिनिट! तो शिंपी असेल अजून! एकच राहिलाय!"

"वही तुमची, पण जीव ताईच्या भरवशावर होता, तो आता माझ्या भरवशावर आहे! उठा!"

त्यानं एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तार उपटली. त्यानं संच उचलला, तिनं बॅटरी. पळा! दगड, झुडपं, घसरण, पुन्हा दगड. ती पडली, त्यानं ओढली. तो पडला, तिनं ढकलला. पन्नास-साठ पावलं खाली एका खोलगट जागेत ते उकिडवे बसले, आणि माथ्यावर लख्खकन उजेड झाला. कानठळ्या बसल्या. वरून बांबूच्या चिरफळ्या गडगडत खाली आल्या.

"मौनीला काय सांगायचं?" कान चोळत त्यानं विचारलं.

"सांगू, यानंही शेवटी ऐकलं नाही!"

दोघंही भिजत हसत राहिले.

संध्याकाळी वादळ ओसरलं. मौनीनं बांबूसाठी अर्धा तास शोक केला आणि मग स्वतःच तार होडीच्या डोलकाठीला बांधून दिली. संच लावताच तोच शिंपी.

"सुखरूप आहात ना? मी उत्तर दिलं नाही हो. तुम्ही म्हणालात, घरचा. आम्हाला सगळ्यांना बाईंचा आवाज माहीत होता. दीपगृहवाला, डॉक्टर, आचारी, सगळेच गप्प राहिलो. त्यांच्यासाठी."

मेहुणीनं त्याच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला.

"हे बोलणं मोजायचं का, भावोजी?"

"नाही. माथ्यावरून झालेलंच मोजतात."

त्यानं वही उघडून दाखवली. पाचव्या डोंगरापुढे तीन नावं होती. चौथ्याची जागा अजूनही मोकळीच आहे.