तलावावरची पाचवी

माझ्या लेकीचा, नयनाचा टॉवेल पोहण्याच्या तलावावर विसरला होता. तो आणायला मी त्या दुपारी परत गेले, एवढंच निमित्त. सत्तावन्न सालचा नोव्हेंबर होता. बेंगळुरच्या बाजारात अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, नुकतेच आले होते. वाटेत शेरभर शेंगा घेतल्या होत्या आणि त्यांचा तेलकट वास हाताला लागला होता.

फाटकाशी सुब्बाराव स्टुलावर उभे राहून पाटी ठोकत होते. सुब्बाराव म्हणजे तलावाचे राखणदार. पाटीवर कन्नडमध्ये लिहिलं होतं, डिसेंबर ते फेब्रुवारी तलाव बंद.

"हे काय, अण्णा?"

"काय करू, अक्का? पुरुषमंडळींनी दिवाळीनंतर तोंड दाखवलेलं नाही. थंडीत येणाऱ्या तुम्ही पाच बायकाच काय त्या वेड्या." त्यांनी तोंडातला खिळा काढला. "वरचे लोक म्हणतात, पाच वेड्यांसाठी एवढं पाणी कशाला ठेवायचं?"

मी टॉवेल न घेताच घरी आले.

नयना तेव्हा नऊ वर्षांची होती. पाचव्या वर्षी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. मांडीपासून खाली तो नुसता लोंबायचा. डॉक्टर त्रिविक्रम मोठे फटकळ, पण पाण्याचा उपाय त्यांनीच सांगितला होता. "पाण्यात पाय हलका होतो. रोज हलवा. पण एक हिवाळा सोडलात तर शिरा आखडतील. मग माझ्याकडे येऊ नका, चांभाराकडे जा आणि जन्मभराचे बूट शिवून घ्या." जूनपासून आम्ही रोज जात होतो आणि दसऱ्याच्या सुमारास तिचा अंगठा हलला होता. तांदळाच्या दाण्याएवढाच, पण हलला होता.

दुसऱ्या दिवशी मी तलावाचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत जाऊन इंजिनिअर प्राणेशराव यांना भेटले. माणूस वाईट नव्हता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. बायकांच्या तासाला रोज पाच जणी आल्या तर पाणी ठेवतो. ज्या दिवशी चार होतील, त्या दिवशी तलाव रिकामा करीन. मग रडत येऊ नका."

बायकांचा तास सकाळी सहा ते सात. तेव्हा तलावाभोवती बांबूच्या तट्ट्या लावत आणि सुब्बाराव बाहेर पाठ करून बसत. आत डोकावणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते मोजायचे ते चपलांचे जोड. पाणी म्हणजे गंगा, म्हणून पायरीच्या आत कुणी वहाण नेत नसे. नयनाचा एक जाड बूट आणि एक चप्पल, तीही एक जोडीच. सात वाजता सुब्बाराव मोठ्यानं म्हणायचे, "ऐदु." म्हणजे पाच. तोच आकडा चिठ्ठीवर कचेरीत जायचा.

आम्ही पाच जणी म्हणजे मी, नयना, शुभदा, कृष्णवेणी आणि सुनंदाबाई. शुभदा पुण्याची, नवरा विमानाच्या कारखान्यात. ती कुडकुडत पायऱ्या उतरायची आणि म्हणायची, "अहो अहल्याबाई, माझ्या सासूबाईंना कळलं ना की मी डिसेंबरात उघड्यावर डुंबते, तर पुढच्या गाडीनं येतील मला न्यायला." कृष्णवेणी अंगानं भरलेली. "स्वल्प सरका," म्हणून ती अशी उडी मारायची की शुभदाचं उरलेलं अंगही भिजून जायचं. सुनंदाबाई शाळेतल्या बाई, वयानं मोठ्या. त्या नुसत्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून स्तोत्रं म्हणायच्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुनंदाबाई मुलीच्या बाळंतपणाला धारवाडला गेल्या. आम्ही चार उरलो.

मी दारोदार फिरले. कुणाला सर्दी, कुणाला लाज, कुणाच्या घरी परवानगी नाही. अंधार पडता पडता घरी आले आणि देवघरासमोर बसले. तिथं मला ते सुचलं.

आमचं घराणं बेंगळुरातलं फार जुनं. आमच्याकडे मार्गशीर्षात पाच सवाष्णी जेवायला सांगतात. एखादी कमी पडली तर पंगत मोडत नाहीत. पाटावर नारळ ठेवायचा, त्याला हळदीकुंकू लावायचं, पुढं खण ठेवायचा आणि हात जोडून म्हणायचं, "बाई, आमची पाचवी व्हा." मग पाच भरल्या असं मानायचं. मी लग्न होऊन आल्यापासून दोनदा हे पाहिलं होतं. मला वाटलं, नुसत्या जादा चपला नेऊन ठेवल्या तर ती लबाडी होईल. पण रीतीनं बोलावणं केलं तर लबाडी होणार नाही. माझी चूक म्हणाल तर ही एवढीच.

माळ्यावरच्या ट्रंकेत लाल पट्ट्यांच्या लहानशा चपला सापडल्या. त्या कुणाच्या, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. सकाळी त्या पायरीबाहेर ठेवल्या. आत, तलावाच्या काठावर, नारळ ठेवला. कुंकू लावलं. म्हटलं, "बाई, आमची पाचवी व्हा. माझ्या मुलीच्या पायासाठी."

सात वाजता सुब्बाराव म्हणाले, "ऐदु."

मी शुभदाला आणि कृष्णवेणीला सांगितलं. दोघी हसल्या. कृष्णवेणीनं नारळाला नमस्कार केला आणि म्हणाली, "बरं झालं, ही पाणी तरी उडवणार नाही."

आठ दिवस असेच गेले. थंडी वाढली. पहाटेच्या हवेपेक्षा पाणी ऊन लागायचं आणि त्याच्यावरून वाफ उठून धुक्यात मिसळायची. चार हातांपलीकडचं दिसत नसे. तट्ट्यांवरून दव टपटपायचं, तेवढाच आवाज.

नवव्या दिवशी मी चपला उचलायला वाकले. त्या मी आत तोंड करून ठेवत असे. आज त्यांचं तोंड बाहेर होतं, निघालेल्या माणसानं घालाव्यात तसं. आणि आतून ओल्या होत्या. टाचेचा ठसा वेगळा, बोटांचे वेगळे. कुणीतरी ओल्या पायांनी घातल्या होत्या... आणि पुन्हा काढून ठेवल्या होत्या.

दव असेल, म्हणून स्वतःला समजावलं.

त्याच दिवशी जेवताना नयना म्हणाली, "आई, त्या नव्या मावशी तुझ्यापेक्षा छान पाय धरतात."

"कोण मावशी?"

"खाली असतात त्या." आणि ती भात कालवायला लागली.

माझा घास हातातच राहिला. रात्रभर मी विचार केला. पाय हवा होता, पण असा? देवाशप्पथ सांगते, त्या रात्री मी पायाची आशा सोडली. सकाळी निघताना चपला ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. नारळ देवघरातच राहू दिला. आज आकडा चार होईल, प्राणेशराव पाणी सोडतील, होऊ दे. मूल सुखरूप राहिलं म्हणजे झालं. नयनाला शेवटचं एकदा पाण्यात घालायचं आणि घरी यायचं, असं ठरवून मी गेले.

नेमके त्याच दिवशी फाटकाशी प्राणेशराव उभे होते. मफलर कानाला, हातात छत्री. बरोबर कचेरीतली टायपिस्ट हेमलता.

"अहल्याक्का, राग मानू नका," ते म्हणाले. "वरून विचारणा आली आहे. नुसत्या चपलांवर विश्वास ठेवायला सांगतात का, म्हणे. मी आत येऊ शकत नाही. या पाहतील आणि डोकी मोजतील."

मी मान हलवली. आज लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही चौघी पाण्यात उतरलो. धुकं इतकं दाट की गळाभर पाण्यात उभ्या असलेल्या कृष्णवेणीचा नुसता अंबाडा दिसत होता. मी नयनाला पाण्यावर आडवं घेतलं. माझा एक हात तिच्या मानेखाली, एक कमरेखाली.

हवेत शिकेकाईचा वास आला. नुकत्याच न्हालेल्या केसांचा असतो तसा. आमच्यापैकी कुणीच न्हालेलं नव्हतं.

मग नयनाचा डावा पाय हळूच वर आला. खाली गेला. पुन्हा वर. माझे दोन्ही हात जागच्या जागी होते. घोट्याच्या वर कातडीला पाच खळगे पडले होते... बोटांनी दाबल्यासारखे. पाणी तिथं थरथरत होतं.

ओरडावं, तिला ओढून काढावं असं वाटलं. पण नयना हसत होती. डोळे मिटून, गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचा गुडघा वाकला. चार वर्षांत न वाकलेला गुडघा. कुणी वाकवला तो? मला माहीत नाही. मग ते खळगे एकेक करून भरून आले. बोटं सुटली. आणि गुडघा पुन्हा वाकला... या वेळी आपला आपण.

"बाई..." मी ओठांतल्या ओठांत म्हटलं. "मुलगी माझी आहे हो. एवढं लक्षात ठेवा."

पाण्यावर एक लांब वळ उमटला आणि धुक्यात गेला.

काठावर हेमलताच्या पावलांचा आवाज झाला. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, थांबली, परत आली. बाहेर तिचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"पाच आहेत, सर. चौघी वर आणि एक पाण्याखाली." मग तिचा आवाज जरा खाली आला. "पण त्या खालच्या बाईंना कुणीतरी सांगा हो. इतका वेळ श्वास धरू नये. मी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत त्या वर आल्या नाहीत."

शुभदानं माझा दंड घट्ट धरला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पायरीशी चपलांचे पाच जोड होते. पाचवा लाल पट्ट्यांचा. ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला होती.

"ऐदु," सुब्बाराव म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी पुढं केली. प्राणेशरावांनी तिथंच सही केली. पाणी मार्चपर्यंत राहील.

मी त्या चपलांना हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्या तिथं नव्हत्या आणि ट्रंकेतही नव्हत्या. मी नारळ घेऊन काठावर गेले, खण ठेवला, ओटी भरली आणि म्हटलं, "बाई, भरपूर केलंत. आता सुखानं जा." मग नारळ फोडून आम्ही चौघींनी खाल्ला. खोबरं गोड होतं.

त्या दिवशी आकडा चारच होता, पण सही आधीच झाली होती आणि पुढं तो चारावर राहिला नाही. नयनाचा गुडघा वाकल्याची गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली. तशाच पायाच्या दोन मुली घेऊन त्यांच्या आया आल्या. एक तर थेट होसूरहून, पहाटेची पहिली बस पकडून. संक्रांतीला आम्ही अकरा जणींनी तलावावर तिळगूळ वाटला. सुब्बारावांनी पाटी काढून तिच्या फळीचं स्टूल केलं. तेव्हापासून आजवर एकाही हिवाळ्यात तलाव बंद झालेला नाही.

आणि नयना चालू लागली. आधी काठी घेऊन, मग भिंत धरून, मग काहीच न धरता. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. सात पावलं ती स्वतःच्या पायांनी चालली आणि भटजींच्या पुढंच रडले ते डॉक्टर त्रिविक्रम.

परवा ती माहेरी आली होती. मे महिना, अंगाची लाही होत होती. दुपारी ती चटईवर झोपली होती, पाय माझ्याकडे करून. मी सहज तळव्यावरून हात फिरवला. उजवा कोरडा, उन्हानं तापलेला. डावा थंडगार. तळव्याची कातडी पांढरी पडलेली, सुरकुतलेली, तासभर पाण्यात राहिल्यावर होते तशी.

"तो असाच असतो, आई," डोळे न उघडता ती म्हणाली. "तेव्हापासून."

मी पदरानं तो तळवा पुसला. पदर ओला झाला.