कोऱ्या पट्टीवरचं नाव

लंडनमधल्या बर्मंडसीच्या या खोलीत विल्फ ऑर्मरॉडने उभी हयात रेकॉर्डी मास्टर केल्या. स्टुडिओतून आलेल्या गाण्यावर शेवटचा हात त्याचा फिरायचा. मग लाखेच्या काळ्या तबकडीवर तो खाच कापायचा आणि तिच्यावरून हजारो रेकॉर्डी निघायच्या. गायिकेचा श्वास किती ऐकू यावा, ढोल कुठे दबावा, हे तो ठरवायचा. अर्ध्या इंग्लंडने त्याच्या कानांनी गाणी ऐकली आणि त्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही! तबकडीच्या मधोमध, लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीवर कापणाऱ्याने सुईने आपलं नाव कोरायचं, एवढाच काय तो या धंद्यातला मान.

आता विल्फ गेला होता, आणि टोबी फेनविक तेवढंही पुसायला निघाला होता.

"मास्टर टेप विल्फचीच वापरा," रेकॉर्ड कंपनीचा हा तरुण साहेब बेरिलला म्हणाला, "पण कव्हरवर 'नवं मास्टरिंग : टोबी फेनविक' येईल. पट्टी कोरी ठेवा हं."

बेरिल विल्फच्या हाताखाली शिकलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यात तू काय केलंस रे?"

"मी मंजुरी दिली."

"वा! मग उद्या सूर्यालाही दे."

पण नाही म्हटलं तर हा दुसरीकडे जाऊन कापून घेणार आणि विल्फच्या कामाची माती करणार. दात-ओठ खात तिने तबकडी कापली. पट्टी कोरी ठेवली. मग खाच तपासायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पट्टीवर विल्फचं नाव होतं. त्याच्याच तिरक्या अक्षरात.

"खोडसाळपणा पुरे," येऊन पाहिल्यावर टोबी म्हणाला. "माझ्यासमोर दुसरी कापा."

तिने कापली. यंत्र थांबलं. कापणारी सुई वर उचलली गेली. बेरिलने दोन्ही हात मागे बांधले. खोलीत गरम लाखेचा वास होता.

पट्टीवरून लाखेचा एक केसासारखा धागा वर उठला.

पहिलं अक्षर.

मग दुसरं. कोरणारा सावकाश कोरत होता.

"थांबवा ते!" टोबी ओरडला आणि त्याने तबकडीवर अंगठा दाबला.

"लाखेला बोट लावतोस, मेल्या!" बेरिल किंचाळली. तबकडीला कडेखेरीज कुणी कधी हात लावत नसे.

टोबीने घासघास घासलं. अंगठा उचलला तेव्हा पट्टी कोरी करकरीत होती. बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

"संपलं," तो म्हणाला. "हीच पाठवा."

बेरिलच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंसं नाव, तेही याला बघवलं नाही.

दाराच्या, ठसा ओळखून उघडणाऱ्या कुलपावर टोबीने अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. त्याने अंगठा पँटला पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"बेरिल, जरा बघता का?"

तिने त्याचा अंगठा उजेडात धरला. रेषा सगळ्या गोल, एकात एक, सारख्या अंतराने कापलेल्या. मधल्या कोऱ्या जागेत विल्फचं नाव होतं, आणि त्यावरची कातडी जन्मापासून तशीच असावी इतकी जुनी होती.